पेपर फोडलास तू

ओंक्या,

गेल्या रविवारचा राग अजून गेलेला नाही. मी फोनवर एवढंच म्हणलं की अगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' चालू केलंय, साठेक पानं झालीत, तर तू लगेच "अरे बाबा म्हणजे त्यात तो..." करून मोकळा. नाव घेतलंस! नंतर सॉरी सॉरी केलंस पण पेपर फुटायचा तो फुटला. (इथे नाव लिहीत नाही, हा मेल आई पण वाचते आणि पुस्तकाला तिचा नंबर माझ्यानंतर आहे.)

दोन दिवस पुस्तक फ्रिजवर पडून होतं. मग म्हणलं पोराने एवढं आणलंय तर संपवू, आणि खरं सांगू का, मजा आली. पेपर तपासताना उत्तर आपल्याला माहीतच असतं, आपण पोराच्या स्टेप्स बघतो, तसा मी बाईंच्या स्टेप्स बघत बसलो, लाल पेन घेऊनच म्हण ना, आणि एक स्टेप चुकलेली नाही रे. आठ चाळीस ते आठ पन्नास, एवढंच लिहितो, तुला कळेल. ते वाक्य मी चार वेळा वाचलं, त्यात एक शब्द खोटा नाही आणि तरी वाचणारा खड्ड्यात. 1926 साली पुस्तक आलं तेव्हा बऱ्याच लोकांनी बोंब मारली होती की ही वाचकाची फसवणूक आहे म्हणून. मला तर मार्क कापायला जागा मिळाली नाही.

आणि ती डॉक्टरची बहीण, कॅरोलाइन! घरातून न हलता गावाची बित्तंबातमी. ख्रिस्तीने स्वतःच म्हणलंय की पुढे तिची ती म्हातारी डिटेक्टिव्ह मिस मार्पल आली ती बहुतेक हिच्यातूनच. आपल्या वाड्यात अशा तीन तरी होत्या, तू लहान होतास. आणि तो डिटेक्टिव्ह पॉयरो रिटायर होऊन गावात भोपळे लावतो आणि वैतागून एक कुंपणापलीकडे फेकतो, ते आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, हे तुमच्यावरच लिहिलंय.

मग त्याच झटक्यात तुझा तो जपानी लेखक हिगाशिनो काढला, 'डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. नावं लक्षात राहीनात म्हणून मागच्या कोऱ्या पानावर यादी केली. इथे म्हणलं बरंय, पहिल्याच प्रकरणात खून आपल्यासमोर होतो, यासुको आणि तिची पोरगी मिळून तिच्या आधीच्या नवऱ्याला मारतात आणि शेजारचा गणिताचा मास्तर इशिगामी सगळं निस्तरायला घेतो. म्हणजे पेपर लेखकानेच फोडलाय, आता काय उरलं? आणि तिथेच फसलो. तो इशिगामी परीक्षेत असे प्रश्न काढतो की दिसायला भूमितीचे पण असतात वेगळ्याच प्रकारचे. लेखकाने हे सरळ लिहून ठेवलंय रे! मी तीस वर्षं दहावीला बीजगणित आणि भूमितीचे दोन वेगळे पेपर शिकवले, आज कुठला पेपर आहे तेवढं बघून पोरं घोकून यायची, असा प्रश्न टाकला असता तर वर्गच्या वर्ग बसला असता. मी पण बसलो. सगळं पुस्तकभर भलताच प्रश्न सोडवत होतो. शेवटी त्या माणसाचं जे होतं ना, पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. वर्गात त्याचं कोणी ऐकत नाही ते तर फारच लागलं. आईने करीनाचा 'जाने जां' बघितलाय, तो कालिम्पाँगमधला, याच्यावरचाच, त्यामुळे ती म्हणते मला माहितीये सगळं. मी वाद घातला नाही.

सध्या शरदिंदू बंदोपाध्यायांच्या ब्योमकेश बक्षीच्या बंगाली डिटेक्टिव्ह गोष्टी चालू आहेत. 1993 ला दूरदर्शनवर रजित कपूरवाला लागायचा तेव्हा आम्ही जेवण सोडून बघायचो. कोडी म्हणून सगळ्या गोष्टी काही तेवढ्या घट्ट नाहीत, एक-दोन तर मी आधीच ओळखल्या, पण तो त्याचा दोस्त अजित, ते कलकत्त्यातलं राहणं, आणि हा बाबा स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घ्यायलाच तयार नाही, सत्यान्वेषी म्हणा म्हणतो. मला आधी माहीत नव्हतं की शरदिंदूबाबू बॉम्बे टॉकीजसाठी 1938 ला मुंबईत आले आणि नंतर पुण्यात येऊन राहिले. त्यांनी शिवाजी महाराजांच्या काळातल्या एका मराठी पोरावर, सदाशिववर, बंगाली मुलांसाठी गोष्टी पण लिहिल्यात! मराठीत आल्या असतील तर बघ जरा, मला वाचायच्यात.

पुढचं पुस्तक पाठवशील तेव्हा नुसतं पाठव. आणि आई उद्यापासून अ‍ॅक्रॉइड हातात घेतीये, तिचा फोन आला तर तिकडच्या थंडीबद्दल बोल, स्वेटरबद्दल बोल, काही पण बोल.

बाबा