काट्यावर शंका विचारणाऱ्याची तोड थांबवू नका

मा. साखर मंत्री, कर्नाटक राज्य, यांस,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊसदरासाठी शेतकरी रस्त्यावर बसले, आणि सरकारला टनाला 3300 रुपयांचा आकडा जाहीर करावा लागला. दर मागायला गर्दी जमते. कारखान्याच्या वजनकाट्यावर वजनाबद्दल विचारायला एखादाच पुढे होतो आणि त्याची टिंगल होते. "आला मोठा इंजिनीअर!" मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवतात, कारण रांगेत त्यांचाही ऊस वाळत असतो. पुढे त्याच्या फडाला कारखान्याकडून ऊसतोड टोळीच लवकर मिळत नाही. त्यामुळे निपाणी, चिकोडी, अथणीकडे काट्याची शंका घरात बोलली जाते, काट्यावर नाही.

साहेब, ती शंका खुळी नसते. हंगामात काट्याचा प्लॅटफॉर्म आणि बाजूची भिंत यांमधल्या फटीत पाचट, चिखल, खडे ठासून बसतात. मग थोडा भार भिंतच पेलते, लोडसेलपर्यंत (भार मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत) पोचत नाही आणि वजन कमी दिसतं. लोडसेलच्या वायरी जिथे जोडतात त्या जंक्शन बॉक्समध्ये ओल गेली की आकडा स्थिर राहत नाही. एखादा लोडसेल कमजोर झाला की तेवढाच कोपरा कमी दाखवतो. यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. पण मुद्दाम केलेली काटामारीही बाहेरून अगदी अशीच दिसते. म्हणून तपासणीला पर्याय नाही.

10 किलोच्या टप्प्याने वजन दाखवणाऱ्या काट्यावर 5 ते 20 टनांच्या भाराला पडताळणीच्या वेळी 10 किलो आणि वापरात 20 किलो फरक चालतो. पण काट्याच्या दोषाने 200 किलो गेले, तर 3300 च्या दराने एका खेपेला 660 रुपये गेले. खेपा किती होतात, हे आपण जाणताच.

तपासणी अवघड नाही. फटी साफ करून रिकाम्या काट्यावर शून्य बघायचं. 20 किलोची शिक्का मारलेली 50 वजनं, म्हणजे एक टन, चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये आळीपाळीने ठेवायचं; आकडा सगळीकडे जुळला पाहिजे. मग भरलेली गाडी चढवायची, उतरवायची, शून्य परत येतं का पाहून पुन्हा चढवायची. सगळी चाकं प्लॅटफॉर्मवर हवीत. रिकाम्या गाडीचं वजन दर खेपेला नव्याने घ्यायचं; जुनाच आकडा वापरला तर ट्रॉलीला चिकटलेली माती, टाकीतलं डिझेल यांचा हिशेब चुकतो.

आमचं मागणं मोठं नाही. गाळप सुरू होण्याआधी आणि हंगामाच्या मध्यावर वजन-माप खात्याने ही तपासणी शेतकऱ्यांसमोर करावी. एक टन वजनं काट्याजवळच असावीत. आकडा दाखवणारा मोठा फलक गाडीवाल्याला दिसेल असा लावावा. तक्रार कन्नडप्रमाणे मराठीतही घ्यावी आणि तिची पोच तिथेच द्यावी.

सगळ्यात गरजेचं म्हणजे तोडणीची यादी लागवडीच्या तारखेप्रमाणे गावात लावावी. तक्रार केलेल्याचा नंबर त्यात मागे सरकला, तर कारखान्याने कारण लेखी द्यावं आणि ते तहसीलदारांनी सात दिवसांत तपासावं. काट्यावर तोंड उघडायला शेतकरी कचरतो तो हसण्याला नाही इतका, जितका उभा ऊस वाळण्याला.

आपले,
सीमाभागातील ऊस उत्पादक आणि काटा दुरुस्ती करणारे कारागीर