प्रार्थनेच्या नावाखाली आपण काय पसरवतोय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

मी ख्रिस्ती आहे आणि हे पत्र मुख्यतः माझ्यासारख्या चर्चला जाणाऱ्या लोकांसाठी आहे, पण बाकीच्यांनीही वाचलं तर चालेल कारण माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका तरुणाला दारूचं व्यसन लागलं. कोणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की अमक्यासाठी प्रार्थना करा, तो वाईट मार्गाला लागलाय. दोन दिवसात सगळ्यांना कळलं, अगदी त्याच्या म्हाताऱ्या आईलासुद्धा, आणि तो मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत मी पण होतो. हात जोडलेले इमोजी शंभर पडले असतील पण त्याच्या दारात एकही माणूस गेला नाही, मीही नाही. मग त्याने येणंच बंद केलं आणि आम्ही म्हणायला मोकळे, बघा देवापासून दूर गेला.

येशूने बायबलमधल्या मत्तय १८:१५ मधे सरळ सांगितलंय की तुझ्या भावाने अपराध केला तर जा आणि तो एकटा असताना त्याला सांग. ऐकलं नाही तर एक दोघांना सोबत घे, आणि मंडळीपुढे विषय अगदी शेवटी. आपण नेमकं उलट्या बाजूने सुरू करतो, आधी मंडळी आणि तो माणूस शेवटी, तोही जमलं तर. शिवाय त्या वचनाच्या लगेच आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे (एका हरवलेल्यासाठी मेंढपाळ बाकीची सोडून शोधायला जातो) आणि थोडं पुढे येशूचा शिष्य पेत्र याचा प्रश्न, किती वेळा क्षमा करायची, म्हणजे मधली शिस्त सुद्धा माणूस परत मिळावा म्हणूनच आहे, त्याला हाकलायला नाही.

याच पेत्राचं मला सारखं आठवतं. तो आपल्याला नाकारणार, ओळखतच नाही म्हणणार, हे येशूला आधीच माहीत होतं तरी त्याने त्याच्या तोंडावर सांगितलं की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर (लूक २२:३२). पडायच्या आधीच त्याला पुढचं काम देऊन ठेवलंय!! प्रार्थना होती पण पाठीमागे कुजबूज नव्हती.

प्रेषित पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (६:१) अपराधात सापडलेल्याला सौम्यतेने परत नीट करा म्हणतो. तिथला मूळ ग्रीक शब्द मार्क १:१९ मधे याकोब आणि योहान हे कोळी भाऊ जाळी नीट करत होते तिथे पण येतो. फाटलेलं जाळं कोणी चौकात दाखवत फिरत नाही, बसून एकेक गाठ बांधावी लागते, वेळ जातो आणि हात दुखतात. आणि लगेच पौल बजावतो की तूही मोहात पडू नयेस म्हणून स्वतःकडे लक्ष दे. कुसळ आणि मुसळाचं तर आपल्याला पाठच आहे, ते दुसऱ्याला ऐकवायला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. लहान मुलांवर अत्याचार, घरातली मारहाण, पैशाची अफरातफर असं काही असेल तर दया म्हणून झाकून ठेवायचं नाही. तिथे दया आधी ज्याला त्रास झाला त्याच्यावर, आणि पोलिसांकडे जायलाच हवं. मी बोलतोय ते माणसाच्या पडण्याबद्दल, व्यसन, राग, खोटं बोलणं, मोडलेला संसार.

पाळकांना माझी कळकळीची विनंती आहे की ग्रुपवर कोणाचंही नाव त्याला विचारल्याशिवाय येऊ देऊ नका. "एका भावासाठी प्रार्थना करा" एवढं पुरतं, देवाला नाव माहीत असतं.

आठ महिन्यांनी मी त्या मुलाकडे गेलो. त्याने एवढंच विचारलं, तो मेसेज तुम्ही पण पाठवला होता का? मी हो म्हणालो आणि माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता मग म्हणाला, बसा. आता दर रविवारी संध्याकाळी आम्ही फोनवर बोलतो, चर्चला तो अजून येत नाही.

आपला,
एक वाचक