निर्मिती समन्वयकाचे पद ऐच्छिक नको

महोदय,

मराठी चित्रपटांच्या शासकीय अनुदानाची चर्चा कथा, दर्जा आणि चित्रपटगृहांची उपलब्धता यांपलीकडे सहसा जात नाही. निर्मिती कार्यालयात बसून परवानग्या, करार, कॉलशीट (कुणी किती वाजता, कुठे हजर राहायचे याचे रोजचे पत्रक), विमा आणि देयके सांभाळणारा समन्वयक तिच्यात कुठेच नसतो. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की आधी हेच पद जाते आणि त्याचे काम प्रॉडक्शन मॅनेजरच्या किंवा एखाद्या नवख्या सहायक दिग्दर्शकाच्या गळ्यात पडते. याची झळ कुणाला लागते, हे बालकलाकारांच्या बाबतीत सर्वाधिक स्पष्ट दिसते. आणि मुलांच्या गोष्टी सांगण्याचा तर आपल्या चित्रपटसृष्टीला अभिमान आहे.

बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये तिला अनुसरून नियम आले. चौदा वर्षांखालील मुलाला चित्रीकरणात घ्यायचे असल्यास, चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होणार तेथील जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची असते. अर्जासोबत मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी जबाबदार व्यक्तीचे नाव द्यावे लागते. दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम नाही, सलग २७ दिवसांहून अधिक चित्रीकरण नाही, पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती आणि मानधनातील किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव, अशा या अटी आहेत.

यांपैकी एकही अट दिग्दर्शकाच्या संवेदनशीलतेवर सोडण्याजोगी नाही. पावसामुळे वेळापत्रक कोलमडते, साताऱ्यातले उरलेले प्रसंग मुंबईत घ्यायचे ठरते आणि मूळ परवानगी एकाच जिल्ह्याची असल्याचे कुणाच्या ध्यानातही येत नाही. या अटी पाळण्याचे निर्मात्याने परवानगीसाठी दिलेले हमीपत्र सहाच महिने वैध असते, त्यामुळे रखडलेल्या चित्रपटात ते चित्रीकरण संपण्याआधीच संपून जाते. मूल सेटवर किती वाजता आले, कॅमेऱ्यासमोर कधी उभे राहिले आणि कधी सुटले याची रोजची नोंद कुणी ठेवली नाही, तर पाच तासांची मर्यादा मोजणार तरी कशी? मुदत ठेवीचे तर विचारूच नका; ती चित्रीकरण संपल्यावर ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवण्याची गोष्ट समजली जाते.

छोट्या निर्मात्यांना आणखी एक पगार परवडत नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो पूर्णपणे खोटाही नाही. मात्र एका परवानगीअभावी चित्रीकरणाचा एक दिवस वाया गेला, तरी भाड्याची उपकरणे, वाहने आणि तंत्रज्ञांचे मानधन यांचा खर्च थांबत नाही, हे त्याच निर्मात्यांना माझ्याहून चांगले माहीत आहे.

म्हणून सांस्कृतिक कार्य विभागाला माझी सूचना अशी की, बालकलाकार असलेल्या चित्रपटाच्या अनुदानाच्या अर्जात निर्मिती समन्वयकाचे नाव सक्तीचे करावे आणि परवानगीची प्रत, कामाच्या वेळांची नोंदवही व मुदत ठेवीची पावती जोडल्याशिवाय अनुदानाची रक्कम देऊ नये. गोरेगाव आणि कोल्हापूर येथील चित्रनगरींनी या कामाचे अल्पमुदतीचे वर्ग मराठीतून घ्यावेत. ज्यांनी नियम पाळले आहेत, त्यांच्याकडे ही कागदपत्रे आजही तयार असतील.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे