फेअरी क्वीन चालवायला माणसं उरणार का? रेल्वेमंत्र्यांना खुलं पत्र

मा. रेल्वेमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

वंदे भारतबद्दल तुम्हाला रोज ढिगाने पत्रं येत असतील, माझं जरा म्हाताऱ्या वाफेच्या इंजिनाबद्दल आहे. फेअरी क्वीन. १८५५ ला इंग्लंडात लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलं, त्याच वर्षी जहाजाने कलकत्त्याला आलं, ईस्ट इंडियन रेल्वेचं २२ नंबर. बंगालमध्ये हावडा-राणीगंज मेल ओढली, १८५७ च्या धामधुमीत पलटणी वाहिल्या, आणि नाव मिळालं थेट १८९५ ला, म्हणजे चाळीस वर्षं बिचारी नुसत्या नंबरावर राबली. १९०९ ला रिटायर. मग हावड्याला चौथऱ्यावर, १९४३ ला चंदौसीच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये, तिथून दिल्लीच्या म्युझियमात.

पुढे मात्र रेल्वेने कमाल केली, मनापासून सांगतो. १९९७ ला, तब्बल ८८ वर्षांनी, तिला परत स्टीमवर आणून दिल्ली-अलवर पॅसेंजर घेऊन पळवलं, गिनीजवाल्यांनीही नोंद घेतली. आणि २०११ ला याच इंजिनाचे पार्ट चोरीला गेले! हे पार्ट काय बाजारात मिळतात होय? चेन्नईच्या पेरांबूर वर्कशॉपने नवे घडवले म्हणून ती पुन्हा रुळावर आली.

पण पार्ट घडवता येतात हो, माणसांचं काय? ब्रॉडगेजवरची स्टीम १९९५ च्या डिसेंबरात संपली, तेव्हा तिशीत असलेला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकून आग सांभाळणारा, आज साठी गाठून घरी बसलाय. आणि हे काम वाचून येत नाही. थंड बॉयलर घाईत तापवला की ट्यूबा गळायला लागतात, म्हणून कितीतरी तास आधीपासून आग हळूहळू वाढवत न्यायची, कोळसा मधोमध ढीग करून टाकायचा नाही, जाळीवर सगळीकडे सारखा पसरायचा, नाहीतर नुसता काळा धूर आणि प्रेशर खाली, शिवाय एक डोळा कायम बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेवर, कारण पाणी उतरून फायरबॉक्सचा, म्हणजे आगीच्या पेटीचा, माथा उघडा पडला तर खेळ खलास. त्यात या बाईंना ओढणाऱ्या चाकांची जोडी एकच, रूळ ओला असला आणि वाफ सोडणारा रेग्युलेटर जास्त उघडला की चाकं जागच्या जागी गरगर.

हरियाणातलं रेवाडीचं इंजिन-शेड १८९३ चं, स्टीमसाठीच राखलेलं. तिथे आयटीआयची पोरं घ्या, रिटायर्ड ड्रायव्हर-फायरमनना मानधनावर बोलवा आणि दोघांना एकत्र कामाला लावा. आमच्यासारखे हौशी लोकही साफसफाईला फुकट येतील, वेल्समध्ये तालिथलिन रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवकांच्या जिवावर चाललीये, आपल्याकडे शेडच्या गेटवर वॉचमन आधी परवानगीचा कागद मागतो.

आम्हा मुंबईकरांना तर बोलायला तोंडच नाही. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी ओढणारी साहिब, सिंध, सुलतान, तिन्ही इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची, त्यातलं एकही आज आपल्याकडे नाही.

फेअरी क्वीन कधी धावणार याचं वर्षभराचं शेड्युल आधी जाहीर करा, एवढीच अजून एक विनंती. महागडी लक्झरी पॅकेजं नकोत, साधा डबा लावला तरी चालेल, सुट्टी टाकून येऊ.

आपला,
एक रेल्वेवेडा, डोंबिवली