राजस्थानचं फील्ड सोडू नको, हे तिला तूच सांग

प्रिय बाळ्या,

दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, रागावला असशीलच. आम्ही सगळे ठीक, आईचं बीपी गोळीवर आटोक्यात आहे. पण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

चिमी भूगर्भशास्त्राच्या एमएस्सीचं राजस्थानातलं उदयपूर-झावरचं फील्ड, म्हणजे खडकांत जाऊन करायचा अभ्यासदौरा, सोडतेय. त्याच आठवड्यात तिच्या यूपीएससीच्या क्लासची टेस्ट सिरीज आहे. दादा म्हणतो, "दगड काय, आपल्याकडे कमी आहेत का?" दगड भरपूर आहेत रे, पण आपला डेक्कन ट्रॅप, म्हणजे लाव्हाच्या थरांचं पठार, जवळजवळ आडवा! घाटात बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचे, प्रवाह एकावर एक मोजता येतात, घडी कुठे दिसणार? झावरला डोलोमाइट खडकाचे थर घड्या पडून उभे राहिलेत. ते हाताखाली आल्याशिवाय थरांचं स्ट्रक्चर डोक्यात शिरत नाही.

यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट (भूवैज्ञानिक) पदाची पूर्वपरीक्षा वस्तुनिष्ठ, ती नोट्सवर निघेल. पण मुख्य परीक्षेला 200-200 गुणांचे तीन पेपर सविस्तर लिहायचे, वर मुलाखत 200 गुणांची. तिथे पाठांतर किती पुरणार?

तिला अजून स्ट्राइक-डिप, म्हणजे थरावरच्या आडव्या रेषेची दिशा आणि थराचा उतार, धड घेता येत नाही. थर खडबडीत असेल तर आधी त्यावर वही ठेवायची, होकायंत्राची कड टेकवून बुडबुडा मधोमध आणायचा, मग स्ट्राइक वाचायचा. डिप त्याला काटकोनातच घ्यायचा. जरा तिरकं धरलं की कोन कमीच येतो, जास्त कधीच नाही. आकडा बरोबर वाटतो आणि नकाशा चुकतो. जवळचा हातोडा काटा ओढतो, आणि बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे खुद्द खडकच ओढतो. फोनच्या ॲपवरून तू पुन्हा भांडशील, पण ॲपचं रीडिंग ताडून बघायलाही ब्रंटनच, आपला भूवैज्ञानिकांचा होकायंत्रच, लागतो, हे मी आजही म्हणणार!

उद्या ती भूजलात गेली तर? सच्छिद्र थर कुठे, घट्ट बेसॉल्ट कुठे, डाइकच्या (खडकांत भिंतीसारख्या घुसलेल्या थिजल्या लाव्हाच्या) वरच्या अंगाला पाणी अडलंय का, हे बांधावर उभं राहूनच ठरतं. जागा चुकली तर कोरड्या बोअरचं कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर. मला खरी काळजी याची आहे.

वहिनींचा गुडघा कसा आहे? बदलीचं काय झालं? पोराला आशीर्वाद.

चिमी तुझं ऐकते. तुझ्या नकाशात नदी टेकडी चढली होती, तो किस्सा सांग, म्हणजे फील्डची भीती जाईल. शुक्रवारपर्यंत नाव द्यायचंय, त्याआधी फोन कर.

तुझाच,
अण्णा