क्राकूवच्या मावशींना आणि आजोबांना

डब्लिनच्या प्राथमिक शाळेतली आमची सहावीची पोरं युरोपियन युनियनच्या इरॅस्मस प्लस या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या योजनेतून पोलंडमधल्या क्राकूवच्या जोडशाळेत जाऊन सुखरूप परतली. शिक्षकांचे आभार भेटून मानलेच; हे ज्यांची नावं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी.

शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मावशी, आमची लेक शाकाहारी आहे हे कळताच तुम्ही तिचे बटाटा-चीजचे पिएरोगी (म्हणजे तुमच्याकडच्या उकडलेल्या करंज्याच) वेगळ्या पातेल्यात उकडलेत आणि वर डुकराच्या चरबीऐवजी लोण्यात परतलेला कांदा घातलात. (घरी कांद्याला नाक मुरडणारी बया तिथे मागून मागून जेवली!) आणि मुख्य चौकात दर तासाला वाजणारी चर्चच्या मनोऱ्यावरची तुतारी ऐकत मागे राहिलेल्या पोराला हात धरून शिक्षकांपर्यंत पोचवणारे आजोबा, तुमचेही मनापासून आभार. कधी डब्लिनला आलात तर पुरणपोळीचं जेवण आमच्याकडे.