मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घेणाऱ्या नेमबाजांनी आधी फोरसाइटचे अंतर मोजावे

मान. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. ‘चष्म्यापासून कायमची सुटका’ अशा जाहिराती हल्ली आपल्या गोव्यात शहरांपासून गावांपर्यंत सर्वत्र दिसतात. मोतीबिंदू झालेल्या सामान्य माणसाला त्यातली डोळ्यात बसवायची महागडी मल्टिफोकल (जवळ-दूर दोन्हींसाठीची) लेन्स कदाचित सोयीची पडेलही. पिस्तूल किंवा रायफल घेऊन स्पर्धेत उतरणाऱ्याच्या नेम धरणाऱ्या डोळ्यासाठी मात्र ती बहुधा चुकीची निवड ठरते. नेमबाजी हा पन्नाशी-साठीतही स्पर्धात्मक पातळीवर खेळता येणाऱ्या मोजक्या खेळांपैकी एक आहे आणि मोतीबिंदूचे वयही तेच. एकदा बसवलेली लेन्स काढून दुसरी घालणे हे पहिल्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी अवघड काम असते. म्हणून काही गोष्टी ऑपरेशनच्या आधीच ठाऊक असाव्यात, यासाठी हा पत्रप्रपंच.

नेमबाजाच्या डोळ्याला एकाच वेळी दोन अंतरांवर पाहावे लागते. दहा मीटर एअर पिस्तुलात टार्गेटवरचा काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा आणि त्यातला दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा असतो. फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरची पुढची साइट, डोळ्यापासून साधारण ८५ ते ९५ सेंटिमीटरवर येते, नेमका आकडा हाताच्या लांबीवर ठरतो. या दोहोंत महत्त्व फोरसाइटचे. पिस्तुलाच्या दोन साइट्समधले अंतर ३३ सेंटिमीटर धरले, तर फोरसाइट मागच्या साइटच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली की दहा मीटरवर छर्रा सुमारे ३० मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे थेट सातच्या गोलात. उलट साइट्स एका रेषेत असताना अख्खा हात एक मिलिमीटर हलला, तर छर्रा जेमतेम एक मिलिमीटर हलतो. काळा गोल थोडा धूसर दिसला तरी चालते, फोरसाइटची वरची कड आणि दोन्ही बाजूंच्या फटी मात्र कोरीव दिसल्या पाहिजेत.

तरुण डोळ्याचे नैसर्गिक भिंग लवचीक असल्याने ते फोरसाइटवर स्थिर होऊ शकते. चाळिशीनंतर ही लवचीकता कमी होत जाते आणि कृत्रिम लेन्समध्ये ती नसतेच. साधी मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर पक्की असते. डॉक्टरांनी ती दूरच्या नजरेसाठी बसवली, बाहुली तीन मिलिमीटरची आहे आणि नेमबाज चष्म्याविना उभा आहे, असे समजा. ९० सेंटिमीटरवरची फोरसाइट त्याला १.१ डायॉप्टरने (म्हणजे १.१ नंबरने) धूसर दिसेल. त्या धूसरपणाची रुंदी फोरसाइटजवळ सुमारे तीन मिलिमीटर भरते, आणि फोरसाइटची पाती जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद असते. म्हणजे पातीची कड जवळजवळ विरघळून जाते. ऑपरेशननंतर ‘टार्गेट लख्ख दिसते, पण गुण पडत नाहीत’ अशी तक्रार येते, तिचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, नेमाच्या डोळ्यातली लेन्स मुद्दाम उणे ०.७५ ते उणे १ नंबर राहील अशी निवडायची. मग फोरसाइट उघड्या डोळ्याने स्वच्छ दिसते, पण गाडी चालवताना चष्मा लागतो. दुसरा, लेन्स दूरच्या नजरेसाठीच बसवून घ्यायची आणि शूटिंग फ्रेममध्ये, म्हणजे नेमबाजीच्या खास चष्म्यात, अधिक ०.७५ किंवा अधिक १ नंबरची काच लावायची. आमच्या मते दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा. फ्रेममधली काच बदलता येते, पिस्तूल सोडून रायफलकडे वळले तरी अडत नाही, आणि लेन्सची शक्ती मोजताना पाव-अर्ध्या नंबरची चूक राहिली तर ती काचेत भरून काढता येते. अशी चूक राहणे नवलाचे नाही, अगदी चांगल्या हातातही राहते. डॉक्टरांना एकच विनंती करावी, की चूक व्हायचीच तर ती किंचित उण्याकडे व्हावी, अधिकाकडे नको. उणे ०.२५ राहिले तर शूटिंगची काच तेवढी हलकी होते. अधिक ०.५० राहिले तर धड दूरचेही नाही आणि जवळचेही नाही.

रायफलवाल्यांचे गणित थोडे सोपे आहे. मागच्या भोकवाल्या साइटचे (तिलाही ‘डायॉप्टर’च म्हणतात) भोक १.१ ते १.३ मिलिमीटरचे असते आणि एवढ्या बारीक भोकातून जवळचे-दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. त्यांना अधिक ०.५० नंबर सहसा पुरतो. त्याने नजर दोन मीटरवर स्थिर होते आणि फोरसाइटची रिंग व काळा गोल यांच्यात धूसरपणा जवळपास सारखा विभागला जातो. भोक आणखी लहान केले तर प्रकाश कमी पडतो आणि कडा पुन्हा मऊ होतात, म्हणून एक मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. आणि नियम ध्यानात ठेवावा: नंबरची काच नेमबाजाने डोळ्यावर घालायची असते, ती हत्यारावर बसवता येत नाही.

आता मल्टिफोकलविषयी. ही लेन्स प्रकाश दोन-तीन वाट्यांत विभागते. एक वाटा दूरसाठी, एक सुमारे ४० सेंटिमीटरवरच्या वाचनासाठी, आणि ट्रायफोकल असेल तर आणखी एक ६० ते ८० सेंटिमीटरसाठी. आपली फोरसाइट त्यातल्या कुठल्याच अंतरावर नीट बसत नाही. शिवाय प्रत्येक स्पष्ट प्रतिमेवर बाकीच्या अंतरांची धूसर प्रतिमा पसरते, त्यामुळे काळ्या पातीची कड करडी दिसू लागते. द्विकेंद्री विवर्तनी (बारीक वर्तुळाकार कड्यांनी प्रकाश दोन अंतरांसाठी विभागणाऱ्या) लेन्समध्ये सुमारे १८ टक्के प्रकाश कुठल्याच प्रतिमेच्या कामी येत नाही. रात्री झुआरी पुलावर समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती जी कडी दिसतात, तीच रेंजवर उजळलेल्या पांढऱ्या कागदाच्या कडेला त्रास देतात. रायफलच्या बारीक भोकातून तर लेन्सच्या मधल्या मोजक्याच कड्या वापरात येतात. चीकपीसवर, म्हणजे रायफलच्या गाल टेकवायच्या भागावर, गाल किंचित सरकला की कड्यांचा भाग बदलतो आणि चित्रही बदलते. डोळा तपासायच्या तक्त्यावर यातले काही दिसत नाही, कारण तिथे ठळक काळी अक्षरे एकाच अंतरावर वाचायची असतात. जवळचे वाचन चष्म्याविना करायची फारच इच्छा असेल, तर ती सोय नेम न धरणाऱ्या डोळ्यात करावी. सुधारित मोनोफोकल म्हणून मिळणाऱ्या लेन्स मात्र पिस्तूलवाल्यांनी विचारात घ्यायला हरकत नाही. त्यात मधल्या अंतराला थोडा फायदा होतो आणि कडांची धार जवळपास साध्या लेन्सइतकीच राहते.

बुबुळाला तिरकस नंबर (सिलिंड्रिकल) असेल तर तो भरून काढणारी टोरिक लेन्स घ्यावी, तिथे काटकसर नको. पिस्तुलाच्या पातीची आडवी आणि उभी, दोन्ही कडा लागतात, आणि तिरकस नंबर राहिला की त्यातली एक स्पष्ट आणि दुसरी पुसट होते. शूटिंग फ्रेममधली गोल काच तिच्या धारकात फिरते, त्यामुळे तिच्यातल्या तिरकस नंबराचा अक्ष दर वेळी तपासावा लागतो. डोळ्यातली टोरिक लेन्स एकदा स्थिरावली की डोळ्याबरोबरच राहते. ती सुरुवातीच्या काही तासांत-दिवसांत मात्र सरकू शकते. एका अंशाला तिचा परिणाम सुमारे तीन टक्क्यांनी घटतो आणि दहा अंशांना तब्बल एक तृतीयांश. म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस डोळा चोळू नये आणि पहिल्या तपासणीला दांडी मारू नये.

दोन्ही डोळ्यांना ऑपरेशन लागणार असेल आणि घाई नसेल, तर आधी नेम न धरणारा डोळा करून घ्यावा. त्याचा निकाल पाहून दुसऱ्या डोळ्याची लेन्स अधिक अचूक ठरवता येते.

तपासणीला जाताना हत्यार नेऊ नये, सुतळी न्यावी. नेम धरलेल्या स्थितीत दुसऱ्या व्यक्तीने डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून फोरसाइटपर्यंत सुतळी ताणून गाठ मारायची, नंतर ती टेपने मोजायची. हत्यार अर्थातच रिकामे असावे. हे अंतर, नेमाचा डोळा कोणता आणि साइट कुठल्या प्रकारची, या तीन गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या मोजणीच्या आधी किती दिवस काढायच्या ते विचारावे. कॉन्टॅक्ट लेन्सने बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो आणि मोजणी चुकते. पूर्वी लेसरने नंबर काढला असेल तर ते सांगायलाच हवे, कारण तिथे लेन्सची शक्ती काढण्याचे सूत्र वेगळे लागते. आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनची गोळी चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल तर तेही सांगावे. तिने ऑपरेशनच्या वेळी बाहुलीचा पडदा सैल पडतो. मधुमेह असणाऱ्यांनी डोळ्यातल्या मागच्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी आधीच करून घ्यावी.

ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे नंबर स्थिर होत नाही. त्याआधी महागडी काच करू नये, चाचणीच्या काचांवर भागवावे. रेंजवर नेहमीच्या उजेडात अधिक १ पासून सुरुवात करून पाव-पाव नंबर उतरवत जावे आणि ज्या सर्वांत हलक्या काचेतून फोरसाइटची कड कोरीव दिसते ती ठरवावी. काच नजरेच्या रेषेला काटकोनात हवी. रोजच्या चष्म्यातून नेम धरताना नजर काचेच्या नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून जाते आणि तिथे प्रतिमा वाकते. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल काच तर विसरूनच जावी. पांढरा कागद आता निळसर आणि डोळ्यांवर येणारा वाटेल, कारण पिवळट झालेले जुने भिंग गेलेले असते. पूर्वीचा पिवळा फिल्टर काढून फिकट करडा लावून पाहावा. नंतर साइट नव्याने शून्य करावी, म्हणजे नेम धरू तिथेच छर्रा पडेल अशी जुळवावी; साइटच्या स्क्रूचे जुने क्लिक कामाला येणार नाहीत. एअर हत्यारांचा धक्का नगण्य असतो, बारा बोअरच्या बंदुकीचा तसा नाही. डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी देईपर्यंत ती हाती धरू नये. विहिरीवर डोक्यावरून आंघोळ, समुद्रस्नान आणि चवथीच्या फटाक्यांचा धूर, या तिन्हींपासून तेवढे दिवस दूर राहावे.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लेन्समागचे आवरण धूसर होऊ शकते. ग्रुप (टार्गेटवरच्या छर्ऱ्यांचा पुंजका) हळूहळू पसरतो, दिव्यांचा चकाकीचा त्रास वाढतो आणि नेमबाज ट्रिगरमध्ये दोष शोधत बसतो. याग लेसरने हे काही मिनिटांत साफ होते. तशीच एक फसवणूक ऑपरेशनच्या आधीही होते. मोतीबिंदू भिंगाच्या गाभ्यात असेल तर नंबर उण्याकडे सरकतो आणि फोरसाइट अचानक चष्म्याविना छान दिसू लागते. डोळा सुधारला म्हणून आनंद मानू नये, तपासून घ्यावे.

मोतीबिंदू नसताना, केवळ चाळिशीचा चष्मा नको म्हणून नेमबाजाने भिंग बदलून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. उरलीसुरली लवचीकता त्याने कायमची जाते. शिवाय कमी वयाच्या, विशेषतः मोठा उणे नंबर असलेल्या पुरुषांत पडदा सुटण्याचा धोका अधिक असतो. अर्ध्या-पाऊण नंबरच्या काचेने जे साधते त्यासाठी एवढी जोखीम कशाला?

शेवटी क्लबचालकांना एक विनंती. २०२३ साली ३७वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्या राज्यात झाली, पण घरगुती आणि छोट्या रेंजवर अजून ट्यूबलाइटच्या मिणमिणत्या उजेडात सराव चालतो. दहा मीटरच्या टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड असायला हवा. नेमबाज उभा राहतो तिथेही पुरेसा दिवा लावावा, म्हणजे बाहुली लहान राहते. कृत्रिम लेन्सवाल्याला जवळचे-दूरचे एकत्र स्पष्ट दिसायला बाहुलीचा लहानपणाच आधार असतो. त्याच कारणाने दुसऱ्या डोळ्यावर काळे कापड बांधू नये, त्याने नेमाच्या डोळ्याचीही बाहुली मोठी होते. नियमात बसणारी, ३० मिलिमीटरपर्यंत रुंदीची पांढरी अर्धपारदर्शक पट्टी पुरते. दुधाच्या पांढऱ्या प्लॅस्टिक डब्याच्या झाकणातूनही ती कापता येते.

आपले,
नेमबाजीचे प्रशिक्षक व नेत्रतपासनीस,
फोंडा, गोवा